सालोडकर सर आणि आमची विहीर

सालोडकर सर कुणाच्याही घरी गेले की दारातूनच विचारायचे, "विहीर कुठं हाये जी?" चपला नंतर काढायचे. घरच्यांना वाटायचं, पाहुण्याला पाय धुवायचे असतील. बादली-तांब्या पुढं यायचा. सर तो बाजूला सारून विहिरीच्या काठावर पालथे पडायचे आणि आत डोकं घालून वास घ्यायचे.

याच सवयीपायी त्यांचं लग्न राहून गेलं, असं मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात सांगतात. तरुणपणी ते राजेगावला मुलगी पाहायला गेले होते. पोहे आले, मुलगी आली, पण नवरदेव जागेवर नाही. शोधत सगळे मागच्या आवारात गेले, तर सर कमरेपर्यंत विहिरीत वाकलेले. मुलीचा बाप ओरडला, "अरे धरा त्याले! पोरगा जीव देऊन राह्यला!" चौघांनी धोतर धरून त्यांना मागं ओढलं. सर भडकले, "काहून ओढता? आत काहीतरी हालून राह्यलं होतं!" नकार त्याच संध्याकाळी आला. सर ही हकीकत स्वतःच सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "विहीर मात्र झकास होती गा." मुलगी कशी होती ते त्यांना आठवत नसे.

ते कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे आणि मी त्यांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर होतो. आमच्या घरातला मी पहिला बी.एस्सी. शिष्यवृत्तीवर शिकलो, आणि ही नोकरी लागली तेव्हा मायनं सगळ्या वॉर्डात बुंदी वाटली. ज्यांनी ज्यांनी मला पुढं आणलं त्यांचा मी ऋणी आहे आणि कुणाबद्दल वाईट चिंतू नये असंच मला शिकवलेलं आहे. पण सालोडकर सरांचा मला मत्सर वाटायचा. तो कसा वाटू नये, हेच मला कुणी शिकवलं नव्हतं. सर एक डोळा सूक्ष्मदर्शकात ठेवून दुसऱ्या डोळ्यानं कागदावर चित्र काढायचे आणि त्यात पायावरचा केसन् केस यायचा. मी झुरळ काढलं तर मुलं विचारायची, "सर, ये आलू है क्या?" सरांना कुणी काही विचारलं की ते म्हणायचे, "मले काय विचारतं? पाण्याले विचार." एकदा प्राचार्यांनी हजेरी का दिली नाही म्हणून विचारलं, तेव्हाही त्यांनी हेच उत्तर दिलं, आणि प्राचार्य चक्क हसले. मी असं बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी मला बिरशाच्या जंगलात नोकरी शोधावी लागली असती.

असे हे सर एका रविवारी आमच्या घरी आले.

आमची विहीर माझ्या वडिलांची. नागपूरला दीक्षा घेऊन ते परतले आणि म्हणाले, आता दुसऱ्याच्या विहिरीवर ओंजळ पसरून उभं राहायचं नाही. वॉर्डातल्या माणसांना घेऊन त्यांनी मुरूम फोडला. वडील आता नाहीत, विहीर आहे. गावातल्या पुष्कळांना तिचं पाणी चालत नसे. सर आल्या आल्या दोन तांबे पाणी प्यायले, त्यांनी मिशा पुसल्या आणि पिशवीतून जाळं काढलं. पीठ चाळतात तसल्या बारीक रेशमी कापडाचं, शंकूसारखं जाळं. खालच्या टोकाला काचेची बाटली, वर लांब दोर. ते त्यांनी तळापर्यंत सोडलं, झटके देत देत वर ओढलं, बाटली उन्हात धरून भिंग लावलं, आणि एवढ्या जोरानं ओरडले की माय लाटणं घेऊनच बाहेर आली.

"सुदाम! हा कोन्याच पुस्तकात नाई!"

मी पाहिलं. तांदळाच्या कणीएवढा, पांढराफटक प्राणी. नात्यानं झिंग्याचा चुलतभाऊ, पण डोळे नाहीत. जमिनीखालच्या पाण्यात जन्म काढायचा, तिथं डोळ्यांचं काम काय?

मायनं विचारलं, "म्हंजे आमी इतके दिवस किडे पिऊन राह्यलो का मास्तर?"

"किडा नोको म्हनू, माय. हा जिथं राह्यते ते पानी चोख असते."

मायला ते फारच आवडलं. तिनं वॉर्डभर सांगितलं, आमच्या पाण्याला मोठ्या मास्तरानं चोख म्हटलं. आणि मी मात्र तिथंच अडकलो होतो की, माझ्या मायला हे 'माय' का म्हणतात?

पण एक अडचण होती. नव्या प्राण्याचं नाव जगापुढं मांडायचं तर त्याचा एकेक पाय सोडवून, काढून दाखवावा लागतो. या कुळात जात ठरते ती नराच्या पोटाखालच्या एका चिमुकल्या पायावरून. आणि आमच्या विहिरीतून निघाल्या त्या सगळ्या माद्या.

"नर पाह्यजे गा," सर म्हणाले. "नराबिगर नाव नाई देता येत. अन् तवर दुसऱ्या कोनाले असाच भेटला, त्यानं आधी लिहून टाकलं, तर आपन बसलो बोंबलत."

प्राण्याच्या नावामागं, ज्यानं तो पहिल्यांदा जगाला सांगितला त्याचं आडनाव लावायची रीत आहे. ते कायमचं राहतं. जेवताना माझ्या डोक्यात तेवढंच फिरत होतं. विहीर माझ्या बापानं खणली, पाणी आमचं, प्राणी आमच्या पाण्यातला, आणि त्याच्या मागं जगभर लागणार सालोडकर.

मग सर दर रविवारी यायला लागले. माय त्यांच्यासाठी तांदळाच्या पिठाचे पातळ आयते करायची, सोबत मिरचीचा ठेचा. मला इतर दिवशी कालची भाकर. एरवी सर खाणावळीत जेवत. ते हळूहळू, एकेक घास मोडून खायचे आणि माय त्यांच्याकडं बघत बसायची. "मास्तर किती वाळले," ती म्हणायची. मी पण वाळलेलोच होतो.

शेवटी मी ठरवलं, आपणच नर शोधू. मायच्या जुन्या लुगड्याचं जाळं शिवलं आणि सर नसताना विहिरीत सोडलं. बेडूक निघाला. दुसऱ्यांदा बाटलीच तळाला गेली. माय म्हणाली, "तू काहून त्याच्या मागं लागला? ते मास्तरचं काम हाये."

"अन् माझं काय काम हाये?"

"तू पानी भर."

श्रावणात वॉर्डात हगवण सुरू झाली. नगरपालिकेचा माणूस विहिरींत लाल दवा, म्हणजे परमँगनेट, टाकत फिरायला लागला. हा माणूस म्हणजे सरांचा जुना वैरी. त्या दवेनं पाण्यातले जीव मरतात म्हणून सरांनी त्याला आजवर कितीतरी विहिरींवरून हाकललं होतं. त्या रविवारी दोघं आमच्याच विहिरीवर समोरासमोर आले.

"साहब, हट जाइए. ऑर्डर है."

"तू हो बाजूला! या विहिरीत नर हाये!"

"नर हो या मादा, दवा तो डलेगी."

खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. दवा पडली की नरही गेला आणि ते आडनावही गेलं. तेवढ्यात माय आतून आली. शेजारच्या कौसाच्या पोरीच्या अंगातलं पाणी सरलं होतं. तिला आत्ताच बैलगाडीतून दवाखान्यात नेलं, असं मायनं सांगितलं.

"कौसाबाई याच विहिरीचं पानी नेते काय?" सरांनी विचारलं.

"हौ. सारेच नेतात," माय म्हणाली. "मी पन हेच पेतो ना, मास्तर."

सरांनी त्या माणसाच्या हातातली पुडी घेतली, बादलीत स्वतः कालवली आणि विहिरीत ओतली. पाणी जांभळं होत गेलं. ते काठावर उभे राहून पाहत राहिले. त्या दिवशी आयते न खाताच गेले. कौसाची पोरगी वाचली.

पुढच्या रविवारी सर पुन्हा जाळं घेऊन हजर. बाटलीत गाळ तेवढा दिसत होता. तो तसाच पिशवीत घालून घेऊन गेले. त्यानंतरही एक रविवार चुकला नाही. दर वेळी तेच, "आज बी नाई भेटला, माय." माय म्हणायची, "भेटन." दिवाळी गेली, थंडी पडली. मला वाटलं, बिचारे, उगाच खेटे घालतात.

एका सकाळी मी प्रयोगशाळेत लवकर गेलो. सरांच्या सूक्ष्मदर्शकावर काच तशीच राहिली होती. मी डोळा लावला. आमच्याच विहिरीतला प्राणी, आणि पोटाखाली तो चिमुकला पाय. नर. त्याचं पांढरं अंग तपकिरी झालं होतं. तो तपकिरी डाग लाल दवेचा असतो, आणि लाल दवा आमच्या विहिरीत श्रावणात एकदाच पडली होती. म्हणजे ज्या दवेपायी सर इतके भांडले तिनंच कुठल्यातरी फटीतून नर बाहेर काढला होता, आणि तो त्या गाळातूनच सरांच्या हाती लागला होता. इतके महिने त्यांनी तो लपवून ठेवला!

माझ्या अंगाची लाही झाली. सगळं गुपचूप लिहून छापायचं आणि आमच्या घरी येऊन आयते खायचे! मी ठरवलं, रविवारी मायसमोरच विचारायचं.

रविवारी सर आले. मी खिडकीआड उभा राहिलो. त्यांनी जाळं सोडलं, झटके दिले, वर ओढलं, बाटली सोडवली. भिंग काढलंच नाही. बाटलीकडं पाहिलंही नाही. स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. तव्यावर चर्रर्र आवाज येत होता. मग त्यांनी बाटली पुन्हा विहिरीत उपडी केली, हात धुतले, सदरा नीट केला आणि पाटावर येऊन बसले.

"आज बी नाई भेटला, माय."

"भेटन, मास्तर. जाते कुठं? घ्या, गरम हाये तवर खा."

मी खिडकीआडून निघून सरांच्या शेजारी बसलो आणि मायनं माझ्याही ताटात एक आयता टाकला. तिकडं दुसरा कुणी आधी लिहील, ही भीती या माणसानंच मला सांगितली होती. ज्या आडनावासाठी मी जळत होतो, ते इतके महिने काचेवर तयार होतं आणि त्यांनी ते छापायला पाठवलंच नव्हतं. काम संपलं असतं तर आमच्या घरी यायला त्यांना दुसरं काय निमित्त होतं?

"सर," मी म्हणालो, "पुढच्या रविवारी जाळं जरा खोल सोडून पाहा."

सरांचा घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग घाईनं ताटात. "हौ," ते म्हणाले. "तसंच करतो."

मायला आमचं हे बोलणं ऐकायला फुरसत नव्हती. सरांचं ताट रिकामं झालेलं तिला दिसलं. तव्यावरचा अजून व्हायचा होता, म्हणून तिनं माझ्या ताटातला आयता उचलला आणि त्यांना वाढला.