बंद वेबसाइटला फोन

आमचे राऊत बंद पडलेल्या वेबसाइटना फोन करतात.

"नमस्कार. तुमची वेबसाइट गेली. पण काळजी नको, ती आमच्याकडे आहे," ही त्यांची सुरुवात. समोरच्याला वाटतं, आता हा खंडणी मागणार.

गिरगावातल्या आमच्या ग्रंथालयात बंद झालेल्या मराठी वेबसाइटच्या प्रती जपून ठेवतात. कुणी केली, कशासाठी केली, आत काय आहे, काय हरवलंय, एवढं प्रत्येकीबद्दल लिहिलं की वाचकाला ती शोधता येते. माझ्या मते याला अर्धं पान पुरतं. राऊतांना फरसाणाच्या एका दुकानाला चार पानं लागली. त्यात 'चकलीचा फोटो जतन झालेला नाही' हे वाक्य दोनदा होतं.

"एकदा लिहून भागलं नसतं?"

"चकल्या दोन होत्या, मॅडम. भाजणीची वेगळी, बटरची वेगळी."

फोनशिवाय त्यांचं वर्णन पुढे सरकत नाही. सगळं स्क्रीनवर दिसतंय ना, असं म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं, "वेबसाइट मेली म्हणून माणसं मेली काय?"

दादरच्या एका वधूवर मंडळाच्या जुन्या चिटणीसबाईंनी पोलिसांत जायची धमकी दिली. राऊत शांतपणे म्हणाले, "जरूर जा. त्याआधी एवढंच सांगा, पहिल्या पानावरचं जोडपं खरं की मॉडेल?" वर नोंदही केली, 'निर्मातीचा स्वभाव करारी.'

महिना संपेपर्यंत वर्णन झालं नाही, तर ती वेबसाइट पुढे वाचकांना दाखवायची नाही, हा नियम माझा. महिनाअखेरीला मी सगळं तपासलं, तर एकच रिकामी निघाली. लालबागच्या एका हौशी नाट्यमंडळाची. चकलीवर चार पानं आणि नाटकावर एक ओळ नाही!

"राऊत, ही राहिली. उद्यापासून ती कुणाला दिसणार नाही."

"बघतो," ते मान वर न करता म्हणाले.

बघतो म्हणजे नाही, हे मला पाठ आहे. मीच संपर्काच्या पानावरचा नंबर लावला.

राऊतांच्या टेबलाच्या खणात काहीतरी वाजू लागलं. त्यांनी घाईघाईने बटणांचा एक जुना मोबाइल बाहेर काढला. "नमस्कार! नाट्यमंडळ! बोला, बोला!" इतका खणखणीत आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

मग ते वळले. फोन कानाला लावून मी मागेच उभी होते. त्यांनी फोन ठेवला नाही. मग मीही ठेवला नाही.

"वेबसाइट कुणी केली?" मी विचारलं.

"आम्ही सगळ्यांनी मिळून," ते फोनमध्येच बोलले. "उचलायला आता मीच उरलोय."

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले.

"सांगा एकेकाचं. पहिलं नाव?"