सरकलेला शिक्का

किशनआप्पांच्या हातात सुटे पैसे ठेवले, की पुढचा पाऊण तास तुमचा राहत नाही. वारंगा फाट्यावर माझं मेडिकल आहे आणि आप्पा रोज सकाळी रक्तदाबाची एकच गोळी घ्यायला येतात. अख्खं पाकीट कधीच नेत नाहीत. पाकीट नेलं तर रोज यायचं निमित्त जाईल, मग माझा गल्ला चाळायला कसा मिळणार?

"डाक्टर, चिल्लर काढा," हाच त्यांचा रामराम. मी डॉक्टर नाही हे सांगून सांगून मी दमलो आहे.

आप्पा नाणी एकावर एक रचतात, डोळे मिटतात आणि त्या चळतीवरून अंगठा फिरवतात. एखादं नाणं केसभर जरी बाहेर डोकावत असेल, तरी अंगठा तिथे थांबतो. मी जन्मभर असल्या चळती रचल्या, मला कधी काही लागलं नाही. मग खिशातून भिंग निघतं आणि औषधाला आलेली माणसंही आपलं दुखणं विसरून भोवती जमतात.

त्यांना हवं असतं ते चुकलेलं नाणं. टांकसाळीत ठसा पडायच्या क्षणी चकती जागेवरून सरकली, तर शिक्का एका बाजूला जातो. एका कडेला चित्र अर्धवट तुटतं आणि समोरच्या कडेला नखाएवढी कोर कोरीच राहते. असं नाणं दिसलं की आप्पा मान हलवून म्हणतात, "घाई केली बाबा कुनीतरी." हे ते अशा आवाजात म्हणतात की ऐकणाऱ्याला वाटावं, घरातलंच कुणी गेलं.

मोबाइलवर असल्या नाण्यांच्या लाखालाखाच्या किमती पाहून लोक लांबून येतात. मागे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाच्या गोरेगावहून एक गुरुजी जीपा बदलत आले. रुमालात गुंडाळलेलं नाणं, चेहऱ्यावर लॉटरी लागल्याचं तेज. आप्पांनी नाणं पुढून पाहिलं, उलटं केलं आणि भिंग खाली ठेवलं.

"गुरुजी, पुढून जिथं कोरं, मागूनबी तिथंच कोरं पाहिजे. तुमचं मागून भरलेलं हाय."

नंतर त्यांनी सोनाराकडचा छोटा काटा काढला. एका पारड्यात गुरुजींचं नाणं, दुसऱ्यात माझ्या गल्ल्यातलं. गुरुजींचं वर गेलं.

"टांकसाळीतून तसंच आलं तर वजन बराबर भरतं. शिक्का सरकतो, धातू कुठं जातो? हे घासलेलं हाय."

गुरुजींनी नाणं पुन्हा रुमालात गुंडाळलं. मग हळूच म्हणाले, "मेव्हण्याकडं ग्राइंडर हाय."

खरं सांगतो, मला त्या दिवशी आप्पांच्या पाया पडावंसं वाटलं. मी डी.फार्म. होऊनही नकली औषध इतक्या सहज ओळखू शकत नाही. हा सातवी शिकलेला, उभी हयात काळी-पिवळी जीप चालवलेला माणूस!

नांदेडचे शौकीन चांगली किंमत घेऊन येतात, पण आप्पांनी एकही नाणं विकलेलं नाही. "मग जमवता काहून?" मी एकदा विचारलं. "एक भेटायचं राहिलंय. पाच रुपयांचं, जाड. ते भेटलं की बास." यावरून मी त्यांना सहा वर्षं चिडवत आलो.

गेल्या बाजाराच्या दिवशी तांड्यावरची एक म्हातारी खोकल्याच्या गोळ्या घ्यायला आली. तांड्यावर आईला याडी म्हणतात, म्हणून फाट्यावर आम्ही सगळेच तिला याडी म्हणतो. तिने काउंटरवर पाच रुपयांचं एक जाड नाणं ठेवलं. मी गडबडीत होतो. एका बाजूने चित्र तुटलेलं दिसलं आणि मी ते परत सरकवलं, "हे चालत न्हाई, याडी." सहा वर्षं आप्पांच्या शेजारी बसून मी एवढंच शिकलो!

आप्पांनी ते उचललं. पुढून पाहिलं, मागून पाहिलं. काटा काढलाच नाही.

"कुठलं हे, याडी?"

"माझंच हाय. लई सालापासून. बाजारात पहिले हेच देऊन पाहते. कुनी घेतलं न्हाई की मंग दुसरं काढते."

"ह्याच्यापायी तुला कुनी जीपमधून उतरवलं व्हतं का? डोंगरकड्याच्या वाटंवर. कडेवर लेकरू व्हतं, तापानं फणफणलेलं."

आप्पा माझ्याकडे वळले. "मीच उतरवलं, डाक्टर. म्हनलं, खोटं नाणं देते, उतर खाली. ती म्हने, दुसरं न्हाई. पुढं तसंच एक नाणं माझ्याच भाड्यात निघालं. सोनाराला दाखवलं, तर वजन बराबर. खरं व्हतं ते. खरं नाणं देऊन राहिली व्हती ती."

याडी त्यांच्याकडे निरखून पाहत राहिली.

"लई जनांनी उतरवलं, बाबा. त्यातला तू कोन्ता?"

"अन् ते लेकरू?"

"पाच लेकरं माझी. तापलेलं कोन्तं, आता कसं सांगू? समदे जिते हायत."

आप्पा बाकावर बसले आणि उपरण्यात तोंड लपवून रडले. इतकी वर्षं रोज भेटणारा माणूस, आणि मला याचा पत्ताच नव्हता. माझी मलाच लाज वाटली.

सावरल्यावर त्यांनी नाणं तिला परत दिलं. "जपून ठेव, याडी. नांदेडचे लोक ह्याचे लई पैसे देतील."

"पाच रुपयाला कुनी घेईना, अन् म्हने लई देतील!" ती हसली. "तुझी गाडी हाय का? डोंगरकड्याला सोड."

बाहेर त्यांची जुनी स्कूटर उभी होती. आप्पांनी ती सुरू केली, याडी मागे बसली आणि तेच नाणं तिने पुढे धरलं.

"भाडं घे."

"नको, याडी. तुझ्याकडून पैसे कसे घेऊ?"

"काहून? तवाबी मी फुकट न्हाई बसले व्हते."

आप्पांनी स्कूटर बंद केली, मागे वळले आणि दोन्ही हात पुढे केले.