फोननं गिळलेला ‘व’

गुरुवारी दुपारी मामांनी जेवणाचा डबा उघडला आणि शनिवारच्या लढतीतला पाहुणा बॉक्सर आजारी पडला.

"अक्कलदाढ आलीय त्याला," पाहुण्याचा मॅनेजर फोनवर म्हणाला.

"अक्कल आली म्हणूनच येत नसेल," मामा पुटपुटले आणि त्यांनी डबा मिटला.

बॉक्सिंगच्या लढती जुळवणं हा मामांचा तीस वर्षांचा धंदा. सगळे त्यांना मामा म्हणत, आणि बऱ्याच जणांनी त्यांचा केलाही होता. काम दिसतं तितकं सोपं नाही हो! पाहुणा दिसायला पहाड हवा, पण घरच्या गड्यापुढं वेळेवर ढासळायला हवा. त्यातून यंदाचा घरचा गडी म्हणजे खुद्द आयोजक साहेबांचा जावई.

"जावई हरला," साहेबांनी सकाळीच बजावलं होतं, "तर सोमवारी तुम्ही येऊ नका."

या वयात मामांना दुसऱ्या कुणी दारातही उभं केलं नसतं. संध्याकाळपर्यंत अठरा फोन झाले. शेवटी डोंगरापलीकडच्या गावातला एक जुना प्रशिक्षक लागला. आवाज सारखा तुटत होता.

"माझ्या गड्याचं वजन तंतोतंत आहे, मामा. पंधरा लढती. तीन बरोबरीत, बारा हर…ले."

"बारा हरले?" मामांचा जीव भांड्यात पडला.

"हो, हर…ले! तेही दुसऱ्या फेरीतच!"

"देवासारखे भेटलात हो!" मामांनी तिथल्या तिथं करार पाठवला, नवी पोस्टरं छापायला टाकली. बाकीचे कागद गडी येताना आणणार होता.

शुक्रवारी वजन करायला पाहुण्यानं शर्ट काढला, तेव्हा काट्यापाशी बसलेला माणूस आपण होऊन दोन पावलं मागं सरला. हातातले कागद वाचता वाचता मामांना दरदरून घाम फुटला.

"बारा हरलात ना हो तुम्ही?"

"हरलो नाही, मामा. हरवले," पाहुणा नम्रपणे म्हणाला. "बारा जणांना."

एका ‘व’नं घात केला होता. करार झालेला, तिकिटं संपलेली. मामांनी डॉक्टरला कोपऱ्यात गाठलं. "जरा नीट तपासा त्याला. शोधलं की काहीतरी सापडतंच." डॉक्टरनं पाहुण्याला तपासलं, मग मामांकडं बघितलं आणि मामांनाच ब्लडप्रेशरची गोळी लिहून दिली.

शेवटी ते जावयाकडं गेले. "जावईबापू, पोटात दुखतंय म्हणा ना."

"मागच्या वेळी म्हटलं होतं," जावई रडवेला होऊन म्हणाला. "सासरे म्हणाले, दोन ठोसे बसले की थांबेल. मामा, मला या धंद्याचा कंटाळा आलाय हो."

मामांना तर तीस वर्षांपासून आला होता. पण विचारतो कोण?

शनिवारी दुसऱ्या फेरीत जावई आडवा झाला. इतका निवांत, की पंचांची मोजणी आठवर येईपर्यंत त्यानं कूस बदलली. बायको धावत जाऊन उशाशी बसली, तर तिला म्हणाला, "सुटलो गं!"

मामा ऑफिसात गेले आणि आपला खण आवरायला लागले. पाठोपाठ साहेब आले. त्यांनी दार लावून घेतलं.

"कुठून आणलात हो हा गडी?"

"चूक झाली, साहेब. सोमवारपासून येत नाही."

"येत नाही म्हणजे? मग बोलणी काय मी करू?" साहेब खुर्चीत बसले आणि एकदम हळू आवाजात म्हणाले, "थोरलीच्या वेळी मी घाई केली, मामा. धाकटी अजून घरात आहे. त्या पोराचं लग्न झालंय का?"

"नाही. कागदावर अविवाहित लिहिलंय."

"मग जुळवा!"

मामा मटकन स्टुलावर बसले. मग तीस वर्षांच्या सवयीनं हातांनीच वही ओढली, कोरं पान काढलं आणि दोन रकाने आखले. पहिल्या रकान्यात पाहुण्याचं नाव लिहून, मान वर न करता त्यांनी विचारलं,

"धाकट्या ताईंचं वजन?"