मंडळाचा एकुलता एक घन

काकूंचा फोटो तिसऱ्यांदा परत आला तेव्हा त्या कोणाच्या तरी कोटाला अस्तर लावत होत्या. त्यांनी पाकीट फोडलं, आतली चिठ्ठी वाचली, दाताने दोरा तोडला आणि कोट बाजूला ठेवून दिला. समोर पेपर वाचत बसलेल्या काकांनी ओळखलं, की आज जेवायला उशीर होणार.

फोटो एका दगडाचा होता. दगड बटाट्याएवढा, वरून जळल्यासारखा काळा, आणि आकाशातून पडलेला. काकूंना तो माळावर सकाळी फिरताना सापडला होता. आजूबाजूचे सगळे दगड तांबूस आणि हा एकटाच काळा, शिवाय हातात घ्यावा तर आकाराच्या मानाने भलताच जड. सांडलेल्या टाचण्या गोळा करायचं लोहचुंबक काकूंनी घरी आल्या आल्या त्याला लावलं, तर ते चिकटून बसलं. उल्कापाषाण मंडळाच्या जाणकारांनी दगड तपासला आणि अस्सल असल्याचा निर्वाळा दिला. आता तो मंडळाच्या छापील सूचीत जायचा होता आणि 'शोधणाऱ्याचे नाव' या रकान्यात काकूंचं नाव यायचं होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या कॉलरींना दुसऱ्यांच्याच नावाची लेबलं शिवलेल्या बाईला या एका रकान्याचं केवढं अप्रूप होतं, ते काकूंनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

घोडं अडलं होतं मापावर. दगडाचा फोटो काढताना शेजारी ओळखीचं काहीतरी ठेवावं लागतं, नाहीतर दगड सुपारीएवढा आहे की रांजणाएवढा, हे बघणाऱ्याला कळत नाही. काकूंना हे पटत होतं. म्हणून त्यांनी शेजारी शर्टाचं बटण ठेवलं. मंडळाच्या चिटणिसांनी फोटो परत पाठवला. बटण हे माप नव्हे, असा शेरा मारून. मग काकूंनी शिवताना बोटात घालायचं टोपण ठेवलं. तेही परत आलं, कारण माणसागणिक बोट बदलतं. तिसऱ्या वेळी त्यांनी सरळ टेप अंथरली. त्यावर आजची चिठ्ठी म्हणत होती, की टेप एकाच दिशेचं माप दाखवते, शिवाय ती वापरून ताणलेली दिसते. तरी नियमानुसार मंडळाचा एक सेंटिमीटरचा घनच ठेवावा.

"टेप ताणलेली?" काकू म्हणाल्या. "अर्ध्या शहराची कंबर मोजलीय मी या टेपने. एकाचीही पँट घसरली नाही."

काका बसचे निवृत्त ड्रायव्हर. दगडाविषयी त्यांचं एवढंच म्हणणं होतं, की तो जेवणाच्या टेबलावरून हलावा. ते म्हणाले, एवढासा घन तर मागतायत, ठेवून टाक आणि मोकळी हो. काकूंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की काका पेपरात शिरले ते बाजारभाव संपेपर्यंत वर आले नाहीत. पण सूची छापायला जायची वेळ जवळ येत होती. शेवटी काकूंनी चिटणिसांना फोन केला आणि, मन मारून नव्हे, चांगलं ठणकावून, घन मागितला.

चिटणीस स्वतः घन घेऊन आले. अंगठीच्या डबीत, कापसात गुंडाळून. काळ्या धातूचा, गुळगुळीत, आणि सहाही बाजूंवर कोरलेलं एकेक पांढरं अक्षर: वर, खाली आणि चार दिशांची. मंडळाकडे असा एकच घन होता. आधीचा कुणीतरी हरवला होता आणि त्या माणसाशी चिटणीस अजून बोलत नव्हते. घनाला उघडा हात लावायचा नाही, तो दगडाला समांतर ठेवायचा, काम झालं की लगेच डबीत घालायचा, हे सगळं त्यांनी दोनदा सांगितलं. काकूंनी दोनदा ऐकून घेतलं. दाराशी गेल्यावर ते तिसऱ्यांदा सांगायला वळले, तेव्हा काकूंनी दार लावलं.

दुपारी खिडकीतून चांगला उजेड येत होता. काकूंनी टेबल पुसलं, पांढरं कापड अंथरलं, दगड मांडला. घन कापडावर ठेवण्याआधी हाताशी असावा म्हणून एखादी स्वच्छ बशी हवी होती. टेबलावर काकांची बशी होती. तिच्यात ते घशाच्या गोळ्या ठेवत. काळ्या, चौकोनी, ज्येष्ठमधाच्या. काकूंनी गोळ्या परत बाटलीत भरल्या, बशी पुसली, घन तिच्यात ठेवला आणि कॅमेरा आणायला आतल्या खोलीत गेल्या.

नेमकं तेव्हाच खाली गल्लीत एक बस मागे घेत होते. निवृत्त झाल्यापासून काकांना दुसऱ्याने बस मागे घेतलेली बघवत नसे. ते खिडकीशी आले आणि वरून मार्गदर्शन करू लागले. डावीकडे काप, अजून काप, आता सरळ कर. घसा बसायला लागला तसा त्यांनी न बघता सवयीने बशीकडे हात नेला, गोळी तोंडात टाकली, आणि त्याच क्षणी बसने विजेच्या खांबाला पाठ घासली. काकांनी आवंढा गिळला.

काकू कॅमेरा घेऊन बाहेर आल्या, तेव्हा काका छाती चोळत होते. "आजची गोळी कोपऱ्याकोपऱ्यांनी गेली," ते म्हणाले.

काकूंनी बशीकडे पाहिलं. मग काकांकडे. मग पुन्हा बशीकडे.

डॉक्टरांनी एक्स-रे काढायला लावला. फिल्मवर पोटाच्या डाव्या बाजूला पांढराशुभ्र चौकोन चमकत होता. डॉक्टर म्हणाले, घाबरायचं कारण नाही. घशातून उतरला आहे, पोटातूनही पुढे सरकेल, चार-पाच दिवसांत आपला आपण बाहेर येईल. दोन दिवसांनी पुन्हा एक एक्स-रे काढू. तोवर घरी लक्ष ठेवा. लक्ष म्हणजे नेमकं कुठे आणि कसं ठेवायचं, ते डॉक्टरांनी काकांच्या कानात सांगितलं. काकांनी अर्ध्यातच कान काढून घेतला.

चिटणिसांना सांगणं भाग होतं. काकूंनी घरी आल्यावर फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला, कारण हातात बटणपट्टी होती. झालं ते सगळं त्यांनी काही न लपवता सांगितलं. मग चिटणिसांनी विचारलं, घनाला काही इजा झाली आहे का. काकूंनी सांगितलं, की घनाला नाही आणि नवऱ्यालाही नाही, तुम्ही विचारायला विसरलात म्हणून सांगते. चिटणीस म्हणाले, माणसाने बघून खावं. सूची चार दिवसांत छापायला जाते आहे, घनाशिवाय फोटो घेता येणार नाही, नियम सगळ्यांना सारखा. आता पुढच्या वर्षी बघू. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "दगडाशेजारी बटणं मांडणाऱ्यांकडून यापेक्षा वेगळी अपेक्षा नव्हतीच म्हणा."

काकूंनी स्पीकर बंद केला. त्यांनी बटणपट्टी शिवायला घेतली आणि ती उलटी शिवली. काकांनी आजवर त्यांना उलटी पट्टी शिवताना पाहिलं नव्हतं. ते खुर्ची ओढून समोर येऊन बसले.

"तो नियम वाच बघू," ते म्हणाले. "जसा आहे तसा."

काकूंनी चिठ्ठी काढून वाचली. दगड आणि मंडळाचा घन एकाच चित्रात स्पष्ट दिसले पाहिजेत.

"घन बाहेर असला पाहिजे, असं लिहिलंय?"

काकूंनी चिठ्ठी उलटून पाहिली. "नाही."

"मग परवा एक्स-रेला जाताना तुझा दगड घे," काका म्हणाले. "माझ्या बायकोला बटणवाली म्हणतो."

एक्स-रे काढणाऱ्या बाई मध्यमवयाच्या आणि सरळमार्गी होत्या. पोटावर दगड ठेवून एक्स-रे काढायची ही त्यांची पहिलीच वेळ होती, आणि ती येऊ नये अशी त्यांची इच्छा होती. अंगावरच्या वस्तू काढून ठेवा, असं भिंतीवर लिहिलं होतं ते त्यांनी बोटाने दाखवलं. काका शर्ट काढून टेबलावर आडवे झाले होते. त्यांनी आडव्या आडव्याच सांगितलं, की पोट माझं आहे, दगड माझ्या घरचा आहे आणि हा दगड ठेवल्याशिवाय मी श्वास रोखणार नाही. बाहेर पेशंटची रांग वाढत होती. बाईंनी थोडा विचार केला.

"दगड चुकून राहून गेला, असं लिहू का?"

"तसंच लिहा," काकू म्हणाल्या. "पण नीट मधोमध राहून जाऊ द्या."

मग मात्र बाईंनाच हुरूप आला. त्यांनी आधीची फिल्म लावून घन कुठवर सरकला असेल याचा अंदाज घेतला, त्याला झाकणार नाही असा दगड चिकटपट्टीने पोटावर बसवला, लांब उभं राहून पाहिलं आणि पुन्हा बोटभर सरकवला. दगड गार होता. काकांनी दात आवळून श्वास रोखला. फिल्म सुरेख आली. मधोमध दगडाचा पांढरा गोळा, त्याच्या खाली जरा तिरका पण धारदार कडांचा चौकोन, आणि मागे रिळं रचून ठेवावीत तसा काकांचा कणा. डॉक्टर बाहेर व्हिजिटला गेले होते. घन योग्य वाटेला लागलाय, एवढं बाईंनी पाहून सांगितलं. डॉक्टर येईपर्यंत थांबायला काकूंना वेळ नव्हता. त्यांनी फिल्म घेतली, थेट चिटणिसांच्या घरी गेल्या, दार उघडल्यावर ती त्यांच्या हातात ठेवली आणि "नियमाप्रमाणे" एवढा एकच शब्द बोलून परत आल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चिटणीस फिल्म घेऊन दारात हजर. काकूंनी कंबर कसली. काकाही पेपर ठेवून उठले. पण चिटणिसांचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता. ते म्हणाले, नियम मी रात्री तीन वेळा वाचला. घन कुठे असावा, याबद्दल त्यात अक्षर नाही. पुढच्या वर्षी घालू. यंदा तुमचा दगड घ्यावा लागेल.

काकू या उत्तराला तयारच नव्हत्या. भांडणासाठी भरून घेतलेला श्वास त्यांना तसाच सोडून द्यावा लागला.

"पण एक हरकत आहे," चिटणीस म्हणाले. "एका चित्रात दोन दगड चालत नाहीत. दुसऱ्याची तुम्ही माहितीही दिलेली नाही."

काकूंनी दगड एकच असल्याचं सांगितलं. चिटणिसांनी दोन असल्याचं सांगितलं. काकूंचा आवाज चढला. तेव्हा चिटणिसांनी फिल्म खिडकीच्या काचेला लावली आणि कण्याच्या उजव्या बाजूला, शेवटच्या बरगडीच्या जरा खाली, बोट टेकवलं. तिथे एक पांढरा ठिपका होता.

"डाग आहे तो," काकू म्हणाल्या.

"डागाला अशी कड नसते. माझा जन्म दगड बघण्यात गेलाय, बाई. हा दगडच आहे, आणि शेजारच्या घनावरून पाहिलं तर सहा मिलिमीटर भरतो. तुमचा नसेल, तर कुणाचा?"

मग चिटणिसांनी मान वळवली, काकूंनी मान वळवली, आणि काकांनी, ज्यांच्याकडे आता बघायला दुसरं कुणी उरलं नव्हतं, हळूच स्वतःच्या कमरेवर हात ठेवला. वर्षभर तिथे कळ येत होती. जन्मभर ड्रायव्हरच्या सीटवर बसल्याचं ते दुखणं आहे, असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं आणि डॉक्टरांकडे जायला ठाम नकार दिला होता.

डॉक्टरांनी दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावल्या. ठिपका पहिल्या फिल्मवरही होता. पण त्या दिवशी सगळ्यांचं लक्ष चमकणाऱ्या चौकोनावर होतं. मूत्रपिंडातला खडा, ते म्हणाले, वेळेवर दिसला. सोनोग्राफी केली तर तो सहा मिलिमीटरच्या अगदी आसपास निघाला. आकार आधी कुणी काढला, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा काकू खिडकीबाहेर बघायला लागल्या. काकांना औषध मिळालं आणि भरपूर पाणी प्यायला सांगितलं गेलं. घन आधी आला, एका सकाळी, न बोलावता. खडा नंतर आला, चांगला ओरडायला लावून.

सूची छापून आली. काकूंच्या दगडाचं चित्र आतल्या पानावर होतं, मागे काकांच्या कण्यासकट, आणि रकान्यात काकूंचं नाव होतं. त्यांनी ते उभ्याने वाचलं, बसून वाचलं आणि सूची शिवणयंत्राच्या खणात ठेवून दिली. चिटणिसांचे आभार मानायला त्या काही गेल्या नाहीत. त्यांच्या कोटाची उसवलेली बाही मात्र त्यांनी न विचारता शिवून दिली, आणि वर सांगितलं, की टेप तीच वापरली आहे.

पण खरा घात घरातूनच झाला. काका बदलले. दगडाशेजारी घनच पाहिजे, बटणाबिटणाने भागत नाही, डोळ्याला फसायची सवय असते, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवू लागले. शर्ट वर करून कळ कुठे यायची तेही दाखवू लागले. काकूंनी एकदा त्यांना आठवण करून दिली, की हे सगळं आपण कुणाच्या विरोधात केलं होतं. काका शांतपणे म्हणाले, की मंडळाचा मुद्दा बरोबर होता, फक्त तो समजायला आतून अनुभव लागतो. पुढच्या बैठकीत त्यांनी सभासदत्व घेतलं. त्याच बैठकीत घनाचे रक्षक म्हणून त्यांची एकमताने निवड झाली, आणि चिटणिसांनी डबी त्यांच्याकडे चिमट्याने सरकवली. घन तेव्हापासून काकांकडेच असतो. दुसरं कुणी तो हातात घ्यायला तयार नाही.