रिकाम्या बाकांपुढचे डॉक्टर

डॉक्टर टिपणीस दर गुरुवारी चार वाजता रिकाम्या बाकांना प्रसूतिशास्त्र शिकवत.

बोर्लीजवळच्या आमच्या धर्मादाय प्रसूतिगृहात पदविकेसाठी शिकाऊ डॉक्टर यावेत, एवढीच त्यांची इच्छा. त्याला मुंबईच्या समितीची मान्यता हवी. समितीचा नियम असा, की आधी वर्षभर दर आठवड्याला व्याख्यान झालेलं असलं पाहिजे. मान्यता नसताना विद्यार्थी कुठून येणार? दुसऱ्या कोणी कपाळाला हात लावला असता. डॉक्टरांनी सुताराकडून सहा बाक करून घेतले.

ऐकायला दोघं. मी कारकून नाईक, आणि आया पारूबाई. डॉक्टर आमची हजेरी घेत, मग कापडी बाहुली हातात धरून "सद्गृहस्थहो" म्हणत. पारूबाई सुपारी कातरत ऐके.

"डागदर, गेल्या गुरवारी पन पोर आडवंच व्हतं."

"आडवं मूल एका तासात सरळ होत नाही, पारूबाई."

"माजी आय करायची."

"कसं?" डॉक्टर लगेच वही उघडत, आणि उरलेला तास तीच शिकवी.

व्याख्यानांची नोंदवही माझ्याकडे होती. एका गुरुवारी डॉक्टर अडलेल्या बाईसाठी होडीने खाडीपलीकडे गेले. व्याख्यान झालंच नाही. पान कोरं दिसायला नको म्हणून मी आपल्या मनाने विषय, वेळ, हजेरी लिहून टाकली. वाटलं, मदतच करतोय.

तपासणीला आलेल्या समितीच्या दोघांनी दोन वह्या शेजारी-शेजारी ठेवल्या. माझ्या वहीत त्या दिवशी चार वाजता डॉक्टर व्याख्यान देत होते. बाळंतपणांच्या वहीत, त्यांच्याच अक्षरात, ते त्याच वेळी खाडीपलीकडे जुळी सोडवत होते.

"ही नोंद कोणाची?"

बायकोचे दिवस भरत आले होते. नोकरी गेली असती तर? मी खाली बघत राहिलो.

"माझ्या सांगण्यावरून केली," डॉक्टर म्हणाले.

औषधाचा एक थेंब जास्त पडला तरी लिहून ठेवणारा तो माणूस. मी तेव्हाही गप्प बसलो. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही.

मान्यता एक वर्ष लांबली. समिती गेल्यावर मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर ते मागे सरले.

"असं का केलंत, डॉक्टर?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "विद्यार्थी काय, वर्षाने येतील. तुम्हाला काढलं असतं तर मी बोललो कोणाशी असतो, नाईक?"

विद्यार्थी खरंच वर्षाने आले. पण समिती गेली त्या संध्याकाळी डॉक्टर माझ्या शेजारी बाकावर बसले आणि माणगावातल्या आपल्या लहानपणाबद्दल बोलू लागले. त्यात वैद्यकाचा एक शब्दही नव्हता. दिवेलागण झाली तरी मी उठलो नाही.