कशाने पुसलंत?

आमच्या सोसायटीत सुखाने इंजेक्शन घ्यायची सोय राहिलेली नाही.

भाईंदर पूर्वेला, नवघर रोडवर आमची चार मजली बिल्डिंग आहे. गळकी, पण स्वतःची. तिच्या पहिल्या मजल्यावर दळवीकाका राहतात. कुणाकडे नर्स आली, कुणाकडे रक्त न्यायला लॅबचा माणूस आला, की यांना कसा कोण जाणे पत्ता लागतो. दार उघडं दिसलं की आत. नमस्कार नाही, चमत्कार नाही. सुई टोचणाऱ्याच्या खांद्याशी जाऊन उभं राहायचं आणि विचारायचं, "कशाने पुसलंत?"

समोरचा बिचारा म्हणतो, स्पिरिटने. त्यावर काका त्याच्याकडे अशा नजरेने बघतात की त्याने रॉकेलने पुसलं असावं. मग मान हलवतात आणि आले तसे निघून जातात. माझ्या बायकोला बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं चालू होती तेव्हा तर ती आधी जिन्यात डोकावून बघायची आणि मगच नर्सला आत घ्यायची.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. मागे एकदा हौसेने रक्तदान शिबिर ठेवलं. काका सकाळी दहापासून खुर्ची टाकून बसले. प्रत्येक दात्यामागे एकदा, "कशाने पुसलंत?" अकरा वाजता शिबिराला आलेल्या एका डॉक्टरणीने मला बाजूला घेतलं आणि हे गृहस्थ जाणार असतील तरच आम्ही थांबतो असं सांगितलं. मी काकांचा हात धरून त्यांना घरी सोडून आलो. माणूस हसलाही नाही, रागावलाही नाही. जाताना एवढंच म्हणाला, दानाचं रक्त आहे, चालेल.

दळवी एका सरकारी इस्पितळात तीस वर्षं लॅब टेक्निशियन होते. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना पोलीस तिथेच आणायचे. सही डॉक्टरची, पण रक्त काढायचे हे. त्यामुळे दुसरं वेड दारूचं. स्वतः थेंबाला शिवत नाहीत, पण एकतीस डिसेंबरला गच्चीवर आमचा कार्यक्रम असला की हे खाली गेटपाशी बसणार. उतरणाऱ्या प्रत्येकाची चाल बघायची आणि निकाल द्यायचा: "आत" किंवा "वर". शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम दारू ही कायद्याची हद्द. तीसच्या आत असलात तर जा बापडे. वर असलात तर किल्ली काकांच्या हातात आणि तुम्ही रिक्षात. एकदा आमचे दुसऱ्या मजल्यावरचे शहाभाई चप्पल घालायला वाकले आणि तोल गेला. काकांनी जाहीर केलं, वर. शहाभाई रडकुंडीला येऊन म्हणाले, "अरे दळवीभाई, मैं तो छास पीता हूँ." किल्ली सकाळी मिळाली.

किल्ली देताना काका मोटार वाहन कायद्याचं कलम म्हणून दाखवायचे. एकशे पंच्याऐंशी. पहिली खेप, सहा महिने नाहीतर दहा हजार, नाहीतर दोन्ही. दुसरी खेप, दोन वर्षं नाहीतर पंधरा हजार, नाहीतर दोन्ही. ऐकून ऐकून बिल्डिंगला आरतीसारखं पाठ झालं होतं. माझा मुलगा निखिल तर त्यांची हुबेहूब नक्कल करायचा. हातात कापसाचा बोळा, मान वाकडी, "कशाने पुसलंत?" त्यांना बोळेकाका हे नाव त्यानेच पाडलं. आम्ही सगळे पोट धरून हसायचो, मी सगळ्यात जास्त. एकदा कुणीतरी गेटपाशी त्यांना विचारलं, काका, पण माणूस मेला तर कुठलं कलम? काका खुर्ची उचलून घरात निघून गेले. त्यावरही आम्ही हसलो.

राहता राहिलं उत्तन. रोज सकाळी साडेसहाच्या बसने काका भाईंदर पश्चिमेहून उत्तनला जायचे आणि दहापर्यंत परत. हातात कापडी पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा. उत्तनला माणूस मासळीसाठी जातो, पण यांनी कधी एक बोंबील आणला नाही. एकटा माणूस, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. बायकांनी काय ते ओळखलं. माझी बायको म्हणाली, तिथे कुणीतरी असणार. हे मात्र खरं निघालं.

तर गेल्या हिवाळ्यात, एका शनिवारी आमचे चिरंजीव काशीगावच्या बाजूला मित्राची पार्टी करून येताना हायवेच्या नाकाबंदीत सापडले. मशीनमध्ये फुंक म्हटलं तर शहाण्याने नीट फुंकलंच नाही. म्हणून इस्पितळात नेऊन रक्त काढलं. गाडी पोलिसांकडे, गुरुवारी कोर्ट. कुणाला लागलं नव्हतं, नशीब. दहा हजारांचं मला काही नव्हतं, मी ते तोंडावर मारले असते. पण निखिलचे कॅनडाचे कागद शेवटच्या टप्प्यात होते, आणि कॅनडाला हा गुन्हा म्हणजे दार बंद. पोराची तीन वर्षांची खटपट आणि आमचं सगळं पुढचं आयुष्य त्या एका बाटलीभर रक्तावर येऊन थांबलं.

वकील हुशार होता. त्याने निखिलला एकच प्रश्न विचारला: रक्त काढताना हात कशाने पुसला? निखिल म्हणाला, गार लागलं, वास आला, स्पिरिटच. वकील खूश झाला. म्हणाला, स्पिरिट म्हणजे अल्कोहोलच. मग रक्तातली दारू पोटातली की बोळ्यातली, हे सिद्ध कोण करणार? रक्ताखेरीज दुसरा पुरावा नाही. या कामातला एखादा जाणता माणूस तेवढं लिहून देईल का बघा.

जाणता माणूस. मी कपाळावर हात मारला. ज्याला मी दंड धरून शिबिरातून बाहेर काढला होता, त्याच्याच पायरीवर रविवारी संध्याकाळी जाऊन उभा राहिलो. सगळं सांगितलं. म्हणालो, काका, इतकी वर्षं हा प्रश्न तुम्ही जगाला विचारताय, आता माझ्या पोरासाठी एकदा कागदावर विचारा. त्यांनी कुणाला लागलं का ते विचारलं. मी नाही म्हणालो. मग उद्या साडेसहाच्या बसला या म्हणाले.

बसमध्ये त्यांनी खिडकीकडे तोंड करून सांगितलं. नऊ-दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. उत्तनच्या रस्त्यावर एका गाडीने स्कूटरवरचा ऑल्विन नावाचा मुलगा उडवला. जागच्या जागी गेला. गाडीवाला चांगल्या घरचा, शिकलेला, आमच्या निखिलच्याच वयाचा, आणि टुन्न. पोलिसांनी मोठं कलम लावलं, सदोष मनुष्यवधाचं. प्यायलेल्या माणसाला आपल्या हातून कुणी मरेल हे ठाऊक असतं, म्हणून दहा वर्षांपर्यंत शिक्षा. पण तो प्यायला होता हे सिद्ध झालं तर. नाही झालं, तर नुसता निष्काळजीपणा, तेव्हाच्या कायद्याने फार तर दोन वर्षं. आता नंबर बदललेत, निष्काळजीपणाची शिक्षाही वाढलीय, पण खण तेच दोन, काका म्हणाले. कुठल्या खणात जायचं ते रक्त ठरवतं.

आणि ते रक्त दळवींनी काढलं होतं. दारूच्या केसमध्ये स्पिरिट वापरायचं नाही, हे इस्पितळातल्या झाडूवाल्यालाही माहीत. पण दिवसभर माणसांचे दंड पुसणारा हात, तो काय डोक्याला विचारतो? सवयीने बोळा स्पिरिटमध्ये बुडाला. रिपोर्टमध्ये दारू हद्दीच्या पाचपट. तेवढी बोळ्याने येत नाही, हे काका जाणून होते, वकीलही जाणून होता. तरी साक्षीच्या दिवशी त्याने हसत हसत विचारलं, "कशाने पुसलंत?" आणि हे खरं बोलले. रिपोर्ट गेला, मोठं कलम गेलं, एकशे पंच्याऐंशीही गेलं. शंकेचा फायदा आरोपीला. उरले तीन महिने आणि दंड, आणि त्या तीन महिन्यांवरही अपील करून तो बाहेरच राहिला. मी ऐकताना शिव्या देत होतो, आणि मधेच लक्षात आलं की कालच त्याच वकिलासारख्या वकिलाला मी फी देऊन आलोय.

ऑल्विनची आई प्रत्येक तारखेला कोर्टात मागच्या बाकावर बसायची. निकालानंतर वर्षभराने ती साखर तपासायला इस्पितळात आली. काकांना तिने ओळखलं. दंड पुढे केला आणि सगळ्या रांगेसमोर विचारलं, कशाने पुसलं. तिला रोज इन्सुलिन लागतं, डोळ्यांनी सिरिंजवरच्या रेघा दिसत नाहीत, घरात दुसरं कुणी नाही. दुसऱ्या दिवसापासून काका जायला लागले.

उतरताना त्यांनी खिशातून एक कागद काढून माझ्या हातात दिला. स्वतःच्या अक्षरात लिहिलेला, खाली सही. "खोटं काही नाही यात," ते म्हणाले. "वकिलाला द्यायचा की नाही, तुम्ही ठरवा. पण आधी एक घर बघून घ्या."

गावाच्या टोकाला, क्रूसाजवळ, कौलारू घर. बाहेर बोंबील वाळत घातलेले. ऑल्विनची आई, फिलोमिनाबाई, दारातच खुर्ची टाकून बसली होती. अंगाने काटकुळी, डोळ्यांत पांढरं पडलेलं. इतक्या वर्षांत तिने या माणसाला कधी बस म्हटलेलं नाही, ते उभ्यानेच टोचतात. काकांनी डबा उघडला. उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली काढली, कापूस ओला केला, तिचा दंड पुसला. सुई हातात घेऊन थांबले.

"कशान पुसलास?" तिने विचारलं.

"पाण्याने, मावशी."

"मंग टोच."

एवढंच. रोज एवढंच, हे मला मागून कळलं. टोचून झाल्यावर तिने माझ्या दिशेने मान वळवली आणि हा कोण म्हणून विचारलं. काका म्हणाले, आमच्या सोसायटीतले. मग तिने याचं काय काम म्हणून विचारलं. काका डबा लावत राहिले. मासळी घ्यायला आलो असं मला म्हणता आलं असतं. पण तोंडातून निघालं, मुलाची केस आहे. दारू पिऊन गाडी चालवली.

"कोन मेला?"

कुणी नाही, मी म्हणालो. मला वाटलं, सुटलो.

"रगत काढला त्याचा? कशान पुसला?"

कागद माझ्या शर्टाच्या खिशात होता. मी आयुष्यात धंद्यात, ऑफिसात, बायकोशी पोत्याने खोटं बोललोय.

"पाण्याने, मावशी," मी म्हणालो.

"मंग न्हाय सुटनार," ती म्हणाली, आणि खुर्चीत जरा मागे टेकून बसली. "बेस झाला."

निखिलचं पुढे काय झालं ते सांगून टाकतो. मी काही संत नाही. बुधवारपर्यंत दोनदा वकिलाचा नंबर लावला आणि दोनदा कापला. तिसऱ्यांदा कागद फाडला. गुरुवारी निखिलने गुन्हा कबूल केला. दंड झाला, लायसन्स सहा महिने गेलं, कॅनडा गेलाच. निखिल माझ्याशी बोलत नाही. बायको म्हणते, कुठल्या म्हातारीसाठी पोराचं वाटोळं केलंत. तिचं चुकतंय असं मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

पण त्या सोमवारी परतीच्या बसमध्ये आम्ही दोघं शेजारी बसलो होतो. काका डबा मांडीवर धरून होते. मला वाटलं, आता हा सत्यवादी माणूस मला खोटं बोललात म्हणून सुनावणार. स्टेशनपाशी उतरायला उठलो तेव्हा त्यांनी माझ्या मनगटाला हात लावला.

"कोर्टात मला जमलं नाही हो, मोहिते," ते म्हणाले. "पाण्याने. एवढंच म्हणायचं होतं."

मागची माणसं उतरायची घाई करत होती, म्हणून आम्ही खाली उतरलो.