माल्ट्याचा किनारा, श्रीरामपूरचा ठराव

विशेष प्रार्थनेच्या चिठ्ठीत माणसानं फार तपशिलात शिरू नये, हे यशया पाटोळे सरांना वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी कळलं. तोवर चिठ्ठी चर्चमध्ये भर उपासनेत वाचून झाली होती.

दयाबाई सकाळीच म्हणाल्या होत्या, "'प्रवास सुखरूप व्हावा' एवढंच लिहा. बाकीचं देवाला कळतं." पण सरांनी श्रीरामपुरात एकतीस वर्षं भूगोल शिकवलेला. मोघम उत्तराला त्यांनी जन्मात कुणाला पूर्ण मार्क दिले नव्हते, मग देवाकडे मोघम मागणं कसं मागणार? त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, "माल्टा बेटावर नर्स असलेली आमची कन्या एंजेला हिला आमच्या भेटीच्या काळात तीनच दिवस सुटी आहे. त्या तीन दिवसांसाठी उत्तम समुद्रकिनारे कोणते, याबाबत मार्गदर्शन व्हावे." पाळकसाहेबांनी ते जसंच्या तसं वाचलं. मंडळीनं डोळे मिटून 'आमेन' म्हटलं आणि डोळे उघडल्याबरोबर मार्गदर्शनाचं काम स्वतःच्या अंगावर घेतलं.

खरं तर सरांना मार्गदर्शनाची गरज नव्हती, धीराची होती. एंजेला पाच वर्षांपूर्वी माल्ट्याला गेली ती एकदाही घरी आली नव्हती. आता तिनंच आईबापांना बोलावून घेतलं होतं आणि फोनवर म्हणाली होती, "पप्पा, तीन दिवस कुठल्या बीचवर जायचं ते तुम्ही ठरवा. तुमचाच विषय आहे. पुढच्या रविवारपर्यंत सांगा, म्हणजे मी गाडी न् खोल्या बुक करते." पाच वर्षांत पोरीनं बापाकडे पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. आणि दिवस अवघे तीन. एखादा किनारा भिकार निघाला, तर तो दिवस कोण परत देणार? या काळजीनं सरांचं जेवण कमी झालं होतं.

म्हणून त्यांनी जुनी पद्धत काढली. शंभर पानी वहीत रकाने आखले आणि किनाऱ्यांना मार्क द्यायला सुरुवात केली. वाळूला वीस, उथळ पाण्याला वीस, सावलीला दहा, वाऱ्याला दहा, असं करत शंभर. गोल्डन बे पहिल्या वर्गात पास झाला. त्याच्या शेजारचा किनारा वाळूत हुशार होता, पण खाली उतरायला दोनशे पायऱ्या, म्हणून दयाबाईंच्या गुडघ्यांपायी नापास झाला. सरांना त्याचं वाईट वाटलं. दोन मार्क ग्रेस देऊन पाहिले, तरी बसेना.

सोमवारी सकाळी दारात इमॅन्युएल उभे. साखर कारखान्यात टाइमकीपर म्हणून आयुष्य काढलेले, आता चर्चचे पंच. त्यांना हजेरी आणि ठराव या दोनच गोष्टींनी जग चालतं असं वाटे.

"सलाम सर. किनाऱ्याचं काय ठरलं?"

"ठरतंय. मार्क देतोय."

"मार्क कसले देता? बायबलात पौलाचं गलबत फुटलं ते हेच बेट ना? मग पहिला दिवस तिथंच. श्रीरामपुरातून पहिल्यांदा कुणीतरी ती जागा बघायला चाललंय. उद्या मंडळी विचारेल, तिथवर गेलात आणि गोल्डन बेवर लोळत पडलात?"

सरांनी संगणकावर ती जागा काढून दाखवली. सगळा खडक. बसायला टाचभर वाळू नव्हती. पण इमॅन्युएल म्हणाले, "गलबत फुटायला खडकच लागतो, सर," आणि भूगोलाच्या मास्तरानं खडकाचंही नाव वहीत घातलं.

दुपारी महिला मंडळाच्या कडूबाई काठी टेकत आल्या. ऐंशी पार झालेल्या, नजर अधू, पण बाकी खणखणीत. "पौल तिथं काटक्या गोळा करत हुता आन् त्याच्या हाताला साप डसला," त्यांनी बजावलं. "पोरीला म्हनावं, किनाऱ्यावर काटक्याला हात लावायचा न्हाई. आन् पानी संथ बघा. दयाचं गुडघं हाय." तरुण संघाचं म्हणणं वेगळंच. त्यांना निळ्याशार पाण्याची एक खाडी हवी होती, कारण फोटो तिथंच चांगले येतात. फोटो सरांचे येणार होते, पण त्याची कुणाला पर्वा नव्हती.

संध्याकाळी शेजारचे कानिफनाथ डोकावले. राहात्याकडे त्यांची बागाईत जमीन. मंडळीतले नव्हते, पण चिठ्ठीची बातमी त्यांच्यापर्यंत गेलीच होती. त्यांनी चष्मा लावून संगणकावर एकेक किनारा असा पाहिला, की जणू जमिनीचा विसार द्यायचाय.

"ह्यो न्हाई चालायचा. निव्वळ मुरमाड हाय. काई पिकायचं न्हाई ह्याच्यात."

"अहो कानिफनाथ, आपल्याला तिथं ऊस लावायचा नाही."

"ते हाय. पन ह्या जागंला रस्ता कुटंय? एवढ्या उन्हात वहिनी चालनार व्हय? जागा घेताना आदी रस्ता बघावा, मंग पानी."

सरांनी वहीत 'रस्ता – दहा' असा नवा रकाना आखला, वाळूचे दहा कापले आणि सगळ्या बेरजा पुन्हा मांडल्या. गोल्डन बे वर्गात खाली घसरला.

बुधवारपर्यंत वही अपुरी पडली. गुरुवारी तरुण संघानं मोबाईलवर मतदान लावलं. शुक्रवारी नगरहून एका पाहुण्यानंही मत टाकलं, हा मंडळीचा सभासद नाही म्हणून इमॅन्युएलनी हरकत घेतली. शनिवारी निकाल आला तो असा, की खडक, संथ पाणी आणि निळी खाडी या तिघांनाही सारखीच मतं. म्हणजे तीन दिवस, तीन टोकं, आणि मध्ये बोटी, बसगाड्या, सामान. सरांनी हिशेब केला, तर लेकीशी निवांत बोलायला रोज जेमतेम चाळीस मिनिटं उरत होती.

दयाबाई गहू निवडत होत्या. आठवडाभर त्या एवढंच विचारत होत्या. आताही त्यांनी विचारलं, "एंजेलाला विचारलंत का, तिला कुठं जायचंय?"

"तिनं माझ्यावर सोपवलंय, दया."

"सोपवलंय खरं. पण तुम्ही ते गावावर सोपवलं."

सरांनी मनातल्या मनात पूर्ण मार्क दिले, कारण उत्तर बरोबर होतं.

रविवारी उपासना सुटली आणि पंधरा-सोळा माणसं थेट सरांच्या हॉलमध्ये आली. तिढा बैठकीतच सोडवायचा, असं इमॅन्युएलनी परस्पर ठरवलं होतं. चर्चमधल्या खुर्च्या आल्या, चहा आला, कानिफनाथ 'निरीक्षक' म्हणून दाराशी बसले. दुपारचे बारा. तिकडे सकाळचे साडेआठ. सरांनी फोन टीव्हीला जोडला आणि भिंतीवर एंजेला उमटली. रात्रपाळी करून आलेली, अंगात अजून नर्सचा युनिफॉर्म, डोळ्यांखाली काळं. समोर सोळा माणसं बघून ती दचकली.

"पप्पा, कुणाला काही झालंय का?"

"नाही बेटा. किनारा ठरवतोय."

इमॅन्युएलनी उभं राहून तिन्ही पक्षांची बाजू मांडली. ती मांडणी चालू असताना एंजेला मान हलवत होती, पण तिचे डोळे मिटत होते. शेवटी इमॅन्युएल म्हणाले, "आता निर्णायक मत तुझं. तू तिथं राहतेस. तुला कुठला आवडतो?"

"सगळेच छान आहेत, अंकल."

"असं मोघम नको."

"खरंच छान आहेत. तुम्ही म्हणाल तो."

तेवढ्यात कडूबाईंनी काठी आपटली. टीव्हीवरचं त्यांना धड दिसत नव्हतं, म्हणून त्या आवाजाच्या दिशेनं वाकल्या. "पोरी, मला एक सांग. तिथलं पानी गार असतंय का कोमट?"

साधा प्रश्न. पडद्यावरची एंजेला हललीच नाही. सरांना वाटलं फोन अडकला.

"ठाऊक नाही, आज्जी," ती म्हणाली.

"म्हंजे?"

"मी कधी पाण्यात गेलेच नाही."

हॉलमध्ये कुणाचा तरी चमचा बशीत वाजला आणि थांबला. सर पुढे सरकले. "अगं, मग ते समुद्राचे फोटो पाठवायचीस ते?"

"बसमधून काढलेले, पप्पा. ड्युटीला जाताना." तिनं हसायचा प्रयत्न केला. "सुरुवातीला डबल पाळ्या होत्या. नंतर सुटी मिळाली तरी वाटायचं, एकटीनं जाऊन काय करायचं? बाकीचे सगळे आपापल्या माणसांबरोबर असतात. म्हटलं, मम्मी-पप्पा आल्यावर जाऊ. म्हणून तर तुम्हाला ठरवायला सांगितलं. मला खरंच काही माहीत नाही तिथलं."

सरांनी मांडीवरच्या वहीकडे पाहिलं. अकरा किनाऱ्यांना त्यांनी शंभरपैकी मार्क दिले होते. वाऱ्याची दिशा त्यांना पाठ होती. आणि आपली पोर पाच वर्षं समुद्राच्या बेटावर कोरडी राहिली, एवढं मात्र त्यांना कळलं नव्हतं. त्यांनी वही मिटली.

दयाबाई उठल्या. आठवडाभर न बोललेलं सगळं त्यांच्या आवाजात एकदम आलं. "तुझ्या खोलीपासून समुद्र किती लांब आहे?"

"आहे एक छोटासा किनारा. आठ मिनिटं. चालत."

"मग जा."

"आत्ता? मम्मी, रात्रभर जागलेय."

"आत्ता जा. एकटी नाहीस तू. आम्ही सगळे आहोत. फोन हातात धर आणि चाल."

तिनं फोनचा कॅमेरा रस्त्याकडे वळवला आणि श्रीरामपूरची मंडळी माल्ट्याच्या रस्त्यानं निघाली. पिवळट दगडांची घरं आली, पावाची भट्टी आली, भिंतीवर झोपलेलं मांजर आलं. चौकात इमॅन्युएल ओरडले, "उजवीकडून गाडी येतेय, थांब!" आणि ती खरंच थांबली. कानिफनाथ दारातून हॉलच्या मध्यापर्यंत आले होते. "रस्ता चांगला हाय," ते हळूच म्हणाले. टीव्हीवरचं दिसत नव्हतं म्हणून कडूबाई शेजारणीला सारख्या विचारत होत्या, "आता कुटवर आली?"

मग गल्ली संपली आणि पाणी दिसलं. किनारा म्हणावा तर कसा, दोन खोल्यांएवढी वाळू. तीन रंगवलेल्या होड्या, एक बाक, आणि घडीच्या खुर्चीवर पाण्यात पाय सोडून बसलेली एक म्हातारी. सरांच्या वहीत ही जागा नव्हती. कुणी तिला एक मतही दिलं नसतं.

एंजेला वाळूवर उभी राहिली.

"बूट काढून वर ठेव," दयाबाई म्हणाल्या. "जवळ ठेवू नकोस, वाहून जातील. आणि पायमोजे आत कोंब."

बूट वर गेले. फोनमध्ये तिची पावलं दिसली, मग लाट, मग पावलं दिसेनाशी झाली.

"गार आहे, आज्जी!" एंजेला ओरडली. "खूप गार आहे!" आणि लगेच ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायलाही लागली. हॉलमध्ये इमॅन्युएल खिडकीबाहेर बघत नाक पुसत होते.

मग त्यांनी ठरावाची वही पुढे ओढली. "सर, ठरावात काय लिहू? पहिला दिवस कुठं?"

"इथं," सर म्हणाले.

"दुसरा?"

"इथंच. तिसराही."

"पप्पा, पण इथं काहीच नाहीये," एंजेला पाण्यातून म्हणाली. "बघायला एवढ्या लांबून यायचं आणि..."

"आम्ही तुला बघायला येतोय," दयाबाई म्हणाल्या. "समुद्र आपला बाजूला असेल."

इमॅन्युएलनी 'सर्वानुमते' असं लिहिलं आणि खाली जाड रेघ ओढली. बैठक संपली होती. पण खुर्ची कुणीच सोडेना. चहावर साय धरली होती.

एंजेला अजून घोटाभर पाण्यात उभी होती. एकतीस वर्षांची नर्स, रात्रभर दुसऱ्यांच्या आईबापांना सांभाळून आलेली. तिनं फोन तोंडाजवळ धरला आणि लहानपणी अंगणातून विचारायची तसं विचारलं, "पप्पा, अजून पाच मिनिटं थांबू?"

सर हो म्हणायला टीव्हीजवळ सरकले. पण त्यांच्या आधीच कानिफनाथांसकट सगळा हॉल एका सुरात म्हणाला, "थांब की!"